साथीचा सूर : मैफलीची आखणी आणि जालन्याच्या अप्पा जळगावकरांचा वारसा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यातील व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. मोंढ्यातील धान्याची उलाढाल, बियाणांचा व्यवसाय, लोखंडाच्या भट्ट्या आणि सराफ्याची झळाळी यांमुळे ती खरीही ठरली. परंतु या पाळण्याने व्यापाराखेरीज आणखीही काही जोजवले आहे. अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने होणाऱ्या संगीत महोत्सवात परंपरेने नामवंत गायक-वादकांची हजेरी लागत आली. पेटीच्या साथीला स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्या मोजक्या वादकांपैकी एक, पंडित अप्पा जळगावकर, हेही याच जालना परिसराचे सुपुत्र.

मैफल म्हटली की गायकाचे नाव प्रथम येते आणि ते योग्यच आहे. मात्र गायकाच्या डाव्या हाताला बसलेला, फारसे न बोलणारा, एका हाताने भाता चालवीत दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर फिरविणारा कलावंत त्या मैफलीचे किती ओझे उचलतो, याचा विचार क्वचितच होतो. घरच्या मंगल प्रसंगी, संस्थेच्या वर्धापनदिनी किंवा एखाद्या वडीलधाऱ्यांच्या अमृतमहोत्सवी सोहळ्यात गायनाचा कार्यक्रम ठेवण्याची प्रथा आता अनेक कुटुंबांत रुजली आहे. अशा कार्यक्रमावर खर्च भरपूर होतो. आखणी मात्र पुष्कळदा मंडप, पत्रिका आणि भोजन यांपुरतीच राहते. खरी आखणी कोठून सुरू करावी, हे अप्पांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे उमगते.

गायनाकडून पेटीकडे

सखाराम प्रभाकर जळगावकर, म्हणजेच अप्पा, यांचा जन्म १९२२ साली झाला. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. अप्पांची पहिली ओढ गायनाची. धृपद-धमाराचे संस्कार त्यांच्यावर बालवयातच झाले. पुढे ते पेटीकडे वळले आणि पेटीवरील प्रभुत्व त्यांनी मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने मिळविले. वरवर पाहता ही साधी चरित्रातील नोंद वाटते. परंतु त्यांच्या साथीचे मर्म येथेच आहे. ज्याने स्वतः गळ्यातून स्वर लावला आहे, त्याला गायकाचा श्वास कोठे संपणार, तान कोणत्या वळणावर झुकणार आणि समेआधी किती मोकळीक ठेवावी लागणार, हे शिकवावे लागत नाही.

पुढील काळात बडे गुलाम अली खाँ आणि अमीर खाँ यांच्यासारख्या दिग्गजांपासून पंडित भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर आणि पंडित जसराज यांच्यापर्यंत अनेक थोर गायकांना अप्पांची साथ लाभली. या गायकांची शैली परस्परांहून किती भिन्न! कोणाचा आलाप मंद्र सप्तकात तासभर रेंगाळणारा, कोणाची तान विजेसारखी, कोणाची स्वरांची बारकाई अतिसूक्ष्म. एकाच वाद्यावर आणि एकाच बैठकीत बसून या सर्वांना ‘आपला’ वाटेल असा सूर देणे, ही कला केवळ बोटांच्या चपळाईने साधत नाही. संगीत नाटक अकादमीने २००० साली त्यांना पुरस्कार देऊन या कलेचा सन्मान केला. २००९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

बंदी असलेले वाद्य

अप्पांनी निवडलेले वाद्य त्या काळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. हार्मोनियम मूळची युरोपातील. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये तिला रूप मिळाले. पायाने भाता चालवायची ही पेटी भारतात आली आणि येथील कारागिरांनी तिला बैठकीला साजेसे रूप दिले : जमिनीवर ठेवावी, एका हाताने भाता ओढावा, दुसऱ्याने वाजवावी. मराठी संगीत रंगभूमीने तर या वाद्याला आणि त्याच्या थोरल्या भावंडाला, ऑर्गनला, घरातलेच करून टाकले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने सुरू झालेल्या परंपरेत पुढे गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक निपजला. १९११ च्या ‘मानापमाना’च्या पदांना चाली देणारे टेंबे भास्करबुवा बखले यांच्या मैफलींत पेटीची साथ करीत.

तरीही संगीतज्ञांचे आक्षेप होतेच आणि ते निराधार नव्हते. पेटीचे स्वर पितळी पट्टीने बांधलेले. एका सप्तकात बारा. ना त्यांहून अधिक, ना उणे. गळा किंवा सारंगी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, ती मींड पेटीला अशक्य. शिवाय तंबोऱ्याची तार छेडली की तिच्यातून जो स्वयंभू गांधार उमटतो, तो पेटीच्या समान अंतरांनी बांधलेल्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. तयार कानाला हा फरक खुपतो.

या आक्षेपांना पाश्चात्त्य संगीततज्ज्ञ जॉन फोल्ड्स आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारख्यांचा पाठिंबा मिळाला. मार्च १९४० पासून आकाशवाणीने आपल्या केंद्रांवर हार्मोनियमला मज्जाव केला. स्वातंत्र्यानंतरही बंदी चालूच राहिली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बा. वि. केसकर हेही तिचे पुरस्कर्ते होते. अखेर १९७१ मध्ये साथीचे वाद्य म्हणून, तेही मर्यादित प्रमाणात, पेटीला पुन्हा प्रवेश मिळाला. बंदी आली तेव्हा अप्पांच्या वयाला अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती. ती सैल झाली तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. कलावंताच्या उमेदीचा सारा काळ देशातील सर्वांत मोठे व्यासपीठ त्याच्या वाद्याला बंद असावे, याचा अर्थ व्यापारी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. भरल्या बाजारपेठेत दुकान थाटावे आणि मुख्य रस्त्यावरचे दारच बंद व्हावे, असाच हा प्रकार.

मग पेटी टिकली कोणाच्या बळावर? नाट्यगृहांच्या, देवळांतील कीर्तन-भजनांच्या, गावोगावच्या संगीत मंडळांच्या आणि घराच्या दिवाणखान्यात बैठक भरविणाऱ्या यजमानांच्या बळावर. सरकारी माध्यमाने नाकारलेल्या वाद्याला रसिकांच्या आश्रयाने जगविले. यजमानपणाचे मोल त्यावरून कळते. यजमान केवळ खर्चाचा धनी नसतो. कोणती कला पुढील पिढीला ऐकावयास मिळणार, हेही त्याच्या निवडीवर ठरत असते.

पियानो आणि पेटी

सुराच्या पट्ट्यांच्या वाद्याने गळ्याला साथ करण्याची परंपरा युरोपातही आहे. तेथे ती पियानोची. फ्रान्झ शुबर्ट याने अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात सहाशेहून अधिक गीते रचली आणि त्यांत पियानोला नुसते मागे चालणारे वाद्य ठेवले नाही. वादळी रात्री आजारी मुलाला कवटाळून घोडा फेकणाऱ्या पित्याच्या त्याच्या प्रसिद्ध गीतात घोड्याच्या टापा पियानोच वाजवितो. गायक त्या धावेवर कथा सांगतो. अशा मैफलीत गायक आणि पियानोवादक यांची नावे एकत्र घेतली जातात.

तरी तेथेही साथीदाराला मान सहजासहजी मिळाला नाही. इंग्लंडचे नामवंत साथीदार जेरल्ड मूर यांनी १९६२ मध्ये आपल्या आत्मचरित्राला ‘ॲम आय टू लाउड?’, म्हणजे ‘माझा आवाज फार तर होत नाही ना?’, असे नाव दिले. साथीदाराच्या आयुष्यभराची चिंता त्या एका प्रश्नात सामावली आहे. १९६७ साली लंडनमध्ये त्यांच्या निरोपाच्या मैफलीत तीन थोर गायक त्यांच्यासोबत गाण्यासाठी एका मंचावर आले. साथीदाराच्या निरोपाला गायकांनी यावे, हा क्रम उलटा वाटतो. पण न्यायाचा तोच आहे.

दोन्ही परंपरांत एक मोठा भेदही आहे. पियानोवादकासमोर प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला असतो आणि गायकासोबत त्याच्या अनेक तालमी झालेल्या असतात. गायकाचा आवाज खालचा असेल तर तेच गीत खालच्या पट्टीत छापलेले विकत मिळते. पेटीवाल्याला यांतले काहीच नाही. पुष्कळदा गायक कोणती बंदिश घेणार, हे त्याला मंचावर बसल्यावर कळते. तासाभराच्या ख्यालातील प्रत्येक हरकत त्याच क्षणी जन्माला येते आणि त्याच क्षणी तिची सावली पेटीवर उमटावी लागते. ती सावली क्षणभर मागे असावी. पुढे गेली तर गायकाची वाट अडते, फार मागे राहिली तर गोंधळ होतो. गायक श्वास घेण्यासाठी थांबला की स्वराचा धागा तुटू देऊ नये. गायक एखाद्या नाजूक श्रुतीवर स्थिरावला की पेटीने हळूच बाजूला व्हावे, कारण तेथे तिचा ठरीव स्वर बोचेल. अप्पांसारख्या साथीदाराचे मोठेपण वाजविण्याइतकेच या थांबण्यातही होते.

आखणीचा प्रारंभ पट्टीपासून

आता मूळ प्रश्न : मैफलीची आखणी कोठून करावी? उत्तर सोपे आहे. गायकाशी तारीख ठरली की दुसरे बोलणे साथीदारांविषयी व्हावे. गायकाच्या मर्जीतले, त्याच्या गायकीशी परिचित असे तबलजी आणि पेटीवादक कोण, हे त्यालाच विचारावे. खर्च वाचविण्यासाठी ‘साथीला गावातले कोणीही चालेल’ असे परस्पर ठरविणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर होय. गावातील साथीदार उत्तम असू शकतो. तो गायकाला मान्य असावा आणि दोघांना किमान दुपारी तासभर एकत्र बसता यावे, इतकेच.

त्यानंतर पट्टी. पुरुष गायकांचा षड्ज बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास, तर स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास असतो. पट्टी आधी कळली तर तबल्याचा योग्य डग्गा-दाया आणता येतो, तंबोरे जुळविता येतात आणि पेटीही निवडता येते. काही वादक तंबोऱ्याच्या गांधाराशी मिळेल अशा ‘गांधार ट्यूनिंग’ने पेटी जुळवून घेतात. अशी पेटी विशिष्ट पट्टीसाठीच जुळविलेली असते, म्हणून ही माहिती आठवडाभर आधी पोहोचणे अगत्याचे. जुन्या आक्षेपांना मिळालेले हे कारागिरीचे उत्तर आहे. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली, तीही याच वाटेवरची.

बैठकीची मांडणीही साथीदाराच्या डोळ्यांनी पाहावी. गायकाच्या उजवीकडे तबला, डावीकडे पेटी, मागे तंबोरे. पेटीवाल्याला गायकाचा चेहरा आणि हात दिसलाच पाहिजे. फुलांची मोठी परडी किंवा समई मध्ये आली तर शोभा वाढते आणि साथ बिघडते. ध्वनियोजकाला सांगून ठेवावे की पेटीचा आवाज गळ्याच्या खाली राहावा. डोक्यावरच्या पंख्याने घसा सुकतो आणि ध्वनिक्षेपकात घरघर शिरते. तो बाजूला असावा. लहान दिवाणखान्यात ध्वनिक्षेपक नसला तर उत्तमच. तेथे गळा, पेटी आणि तंबोरा यांचे नैसर्गिक प्रमाण कानी येते.

सूर्यास्त, प्रतिक्रमण आणि यमन

जैन घरातील मैफलीला वेळेचे एक आगळे गणित असते आणि ते अडचणीचे नसून सोयीचे ठरू शकते. रागसंगीत प्रहरांशी बांधलेले आहे. मारवा, पूरिया, श्री हे संधिप्रकाशातील राग. त्यानंतर यमन, मग बागेश्री, मालकंस. जालन्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. चौविहार पाळणाऱ्या घरांत त्याआधी भोजन उरकलेले असते आणि दिवेलागणीला प्रतिक्रमण होते. त्यामुळे हिवाळ्यात सव्वासातला आणि उन्हाळ्यात साडेआठला बैठक सुरू होणे स्वाभाविक. संधिप्रकाशाचे राग आराधनेच्या वेळेत जातात. मैफल यमनापासून उलगडते. इतरत्र रसिक नऊ वाजता भुकेलेले येतात आणि साडेदहाला ताटांच्या आवाजाने चुळबुळतात. येथे श्रोता जेवून, शांत मनाने बसलेला असतो आणि पुढे भोजनाची घाई नसते. मोठ्या ख्यालाला लागणारा निवांतपणा आयताच लाभतो.

कलावंतांची व्यवस्था मात्र आठवणीने करावी लागते. गाण्यापूर्वी पोटभर जेवणे गायकाला चालत नाही आणि रात्री घरात चूल पेटत नाही. याविषयी कलावंतांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. सूर्यास्तापूर्वी हलका फराळ, आणि जे रात्री भोजन करतात त्यांची सोय उतरण्याच्या ठिकाणी, असा मार्ग बहुतेकांना मान्य होतो. घशासाठी गायक आले मागतात. जैन स्वयंपाकघरात ते नसते. पण सुंठ असते, लवंग असते, ज्येष्ठमध असते आणि उकळलेले पाणी तर सदैवच असते. गायकासमोर ठेवतो तेच पेटीवाल्यासमोर आणि तबलजीसमोरही ठेवावे.

सुट्टीच्या दिवसाची सकाळ हाही एक सुंदर पर्याय आहे. सायंकाळच्या मैफलींमुळे तोडी, जौनपुरी, शुद्ध सारंग हे दिवसाचे राग प्रत्यक्ष ऐकावयास फारसे मिळत नाहीत. चातुर्मासात प्रवचनानंतर दहाच्या सुमारास बैठक भरवली तर तोडीने आरंभ होऊन दुपारी सारंगावर समाप्ती करता येते. भोजन त्यानंतर, दिवसाउजेडी. वेळेचा कसलाही पेच उरत नाही.

कार्यक्रमाचा क्रम गायकावर सोपवावा. यजमानाने दोनच गोष्टी सांगाव्यात : श्रोते कोण आहेत आणि वेळ किती आहे. दोन-अडीच तासांत एक विस्तृत ख्याल, एक मध्यम आकाराचा राग, मग नाट्यपद किंवा भजन आणि शेवटी भैरवी, अशी रचना घरगुती बैठकीस शोभते. फर्माईश असेल तर ती आदल्या दिवशी कळवावी. भर मैफलीत चिठ्ठी पाठविली तर गायकाची समाधी मोडते आणि पेटीवाल्याची तारांबळ होते. सत्कार, शाली, भाषणे आधी किंवा अगदी शेवटी. ख्याल आणि भजन यांच्या मध्ये माईक घेऊन उभा राहिलेला निवेदक तंबोऱ्याने तासाभरात जमविलेले वातावरण एका मिनिटात उधळून लावतो.

दोन्ही नावे

उरतो तो व्यवहाराचा भाग आणि व्यापारी घरांत तो चोख असतोच. तरी एका बाबतीत चूक होते. मानधनाची रक्कम गायकाच्या हाती एकत्र दिली जाते आणि साथीदारांचे काय ते तेच पाहतील, असे गृहीत धरले जाते. कधी गायकांची तशीच इच्छा असते, तेव्हा प्रश्न नाही. एरवी साथीदारांचा वाटा आधी विचारून, स्वतंत्र पाकिटात, त्याच सन्मानाने द्यावा. अडतीच्या व्यवहारात हमालीची रक्कम ज्या चोखपणे वेगळी मांडली जाते, तेवढा चोखपणा कलेच्या वाट्याला यावयास हवा.

आणि निमंत्रणपत्रिका. बहुतेक पत्रिकांवर गायकाचे नाव सोनेरी ठशात असते, यजमान परिवाराची सर्व नावे असतात. साथीदारांची नावे मात्र तळाशी बारीक अक्षरांत किंवा नसतातच. भीमसेन जोशींच्या स्वराशेजारी अप्पा जळगावकरांची पेटी ऐकलेला रसिक त्या मैफलीतून एक नाव वगळू शकत नाही. तीस वर्षे ज्याच्या वाद्याला आकाशवाणीचे दार बंद होते, त्याला रसिकांच्या बैठकीने उंबरठ्याच्या आत घेतले आणि मानाने बसविले. जालन्याच्या मातीतील माणसाच्या वाट्याला आलेला हा इतिहास जालन्याच्या घरांनी तरी विसरू नये. पुढच्या बैठकीची पत्रिका छापावयास देताना गायकाच्या नावाखाली पेटी आणि तबल्याची नावे वाचता येतील अशा ठळक अक्षरांत आहेत ना, एवढे पाहिले तरी मैफलीची निम्मी आखणी योग्य मार्गावर आली, असे समजण्यास हरकत नाही.